समुद्र बघायला कारण कशाला लागतं?

(वर्धा जिल्ह्यातील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बायकांच्या तोंडची वाक्ये त्यांच्या बोलीत तशीच ठेवली आहेत.)



'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' या विषयावर मी आज बोलावं, असं मला सांगण्यात आलं होतं. मी मात्र एका सहलीबद्दल बोलणार आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्या गटांमधल्या 21 जणी मुंबई बघून आल्या. सहलीत भाषण करण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं. या सहलीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याच एका बाईने मोजली. म्हणून बोलते आहे.

आपल्या जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे. नाव समुद्रपूर, आणि समुद्र तिथून शेकडो किलोमीटर पलीकडे. त्याच भागातल्या एका गटाच्या बैठकीत मी एकदा एक साधा प्रश्न विचारला होता. घरासाठी, पोरांसाठी काय हवं ते नंतर सांगा, स्वतःसाठी काय हवंय? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कोणी शिलाई मशीन म्हणालं, कोणी दोन शेळ्या. मी म्हटलं, हेही घरासाठीच झालं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक साठीची मावशी म्हणाली, "मले समुंदर पाहाचा हाय." सगळ्या हसल्या. मावशीही हसली. पण मग दुसरी म्हणाली, "मलेबी." तिसरी म्हणाली, "मंग जाऊ ना बाप्पा, कोन अडवते?"

कोण अडवतं, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी फळ्यावर लिहिला. त्याच्या आधी एक दुसरी यादी केली. आपण आजवर घराबाहेर, गावाबाहेर कशासाठी गेलो? माहेरी. लग्नाला, मयतीला. लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात. देवाला. मोर्चाला, मेळाव्याला. बँकेत. यादी लांब होती, पण प्रत्येक ठिकाणी कोणाचं तरी काम होतं. देवाला जाणं हे त्यातल्या त्यात मोकळं. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. पिढ्यान्पिढ्या बायका त्या वाटेने चालत गेल्या, बाहेरचं जग पाहिलं, गाणी म्हटली. देवाच्या नावावर मिळालेली ती सुट्टीच होती. पण नाव देवाचंच द्यावं लागलं. 'मला बघावंसं वाटतं म्हणून गेले,' असं वाक्य आमच्या यादीत एकदाही आलं नाही.

बचत गटाची एक कार्यकर्ती मुंबईला जाऊन आली होती. वांद्र्याला महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं, तिथे मसाले आणि लोणची विकायला. मी विचारलं, समुद्र पाहिलास का? ती म्हणाली, "ताई, स्टॉल सोडून जाणार कोण? दुकान लावायचं, विकायचं, रात्री हिशोब. समुद्र कुठल्या बाजूला आहे तेही कळलं नाही." समुद्राच्या शहरात राहून ती समुद्र न बघता परत आली, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तर आम्ही ठरवलं. दर महिन्याच्या बचतीशिवाय वेगळे 100 रुपये, 24 महिने. 22 जणींनी नावं दिली. मोठ्या वयाच्या बायकांना पूर्वी रेल्वेत सवलत असे, 58 वर्षांच्या पुढे निम्मं भाडं. मार्च 2020 मध्ये ती बंद झाली, त्यामुळे सगळ्यांचं पूर्ण तिकीट धरलं. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आहे, तेव्हा गावापासून वर्ध्यापर्यंतचा खर्च कमी झाला. पैशाचा प्रश्न, खरं सांगायचं तर, सगळ्यात सोपा होता.

आता माझी चूक सांगते. घरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न आला. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, संस्थेत दहा वर्षं काम केलेली. मला उत्तर तयार होतं. मी म्हटलं, 'अभ्यास दौरा' म्हणू. संस्थेच्या कागदावर पत्र लिहिलं: 'महिलांच्या क्षमताबांधणीसाठी मुंबई येथे दोन दिवसांचा अभ्यास दौरा आयोजित केला आहे.' खाली शिक्का. सगळ्यांना हायसं वाटलं. दौरा म्हटलं की कामाचं वाटतं, सासू-सासऱ्यांना सांगता येतं. शिवाय दौरा खरा वाटावा म्हणून मी कार्यक्रमही तसाच भरगच्च केला. एका संस्थेला भेट, चर्चा, अहवाल. समुद्राला अर्धा तास ठेवला होता. हसू नका, कागदावर मी खरंच 'चौपाटी: 30 मिनिटे' असं लिहिलं होतं.

निघायच्या दिवशी संध्याकाळी आम्ही 22 जणी वर्धा स्टेशनच्या फलाटावर होतो. भाकरी, ठेचा, चिवडा बांधून घेतलेला. गाडी यायला वीस मिनिटं असताना एकीचा दीर आला. त्याला गावात कोणी तरी सांगितलं होतं की या बाया ट्रेनिंगला नाही, फिरायला चालल्या आहेत. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे पत्र तुमचंच ना? यात समुद्र कुठी लिवला हाय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो आरडाओरडा करत नव्हता. म्हणाला, "खोटं बोलून बाया नेता तुम्ही." आणि वहिनीची पिशवी उचलून चालायला लागला. ती एकदा आमच्याकडे बघून त्याच्या मागे गेली. 24 महिने तिने शंभर-शंभर रुपये भरले होते, एकही हप्ता चुकवला नव्हता.

गाडीत तिचा बर्थ रिकामा राहिला. त्यावर आम्ही भाकरीच्या पिशव्या ठेवल्या. भुसावळपर्यंत कोणी नीट झोपलं नाही. मी स्वतःला समजावत होते की तो तिला कसंही नेणारच होता. कदाचित नेलंही असतं. पण त्याच्या हातात जो पुरावा होता, तो मी दिला होता.

सकाळी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागली. तिथे मला दुसरा धडा मिळाला. मला वाटत होतं की या सगळ्यांना मुंबई मीच दाखवणार. उतरल्यावर गर्दीत मीच गोंधळले. आमच्यात पाच बौद्ध बायका होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, या इकडून." 6 डिसेंबरला चैत्यभूमीला त्या कितीदा तरी येऊन गेल्या होत्या. लेकरं कडेवर घेऊन, शिवाजी पार्कवर रात्र काढून. गर्दीत हात कसा धरायचा, चुकलं तर कुठे थांबायचं, पाणी कुठे मिळतं, हे त्यांना पाठ. गावात ज्या घरच्या बायकांना 'आमच्या घरच्या कुठे जात नाहीत' म्हणून मिरवलं जातं, त्या या पाचजणींचा पदर धरून चालत होत्या. दादरचा समुद्र या पाचजणींनी पाहिला होता. पण त्यातली एक म्हणाली, "तवा बाबासाहेबांसाठी आलो होतो. समुंदरासाठी ह्या वक्ती आलो." श्रद्धेने येणं आणि हौसेने येणं यातला फरक तिला नेमका कळला होता, आणि दोन्हींचा मान तिने राखला.

लॉजवर मॅनेजरने पहिला प्रश्न केला, "साथ में जेंट्स कौन है?" खोल्या आधी सांगून ठेवल्या होत्या, ओळखपत्रं सगळ्यांकडे होती. तरी त्याला एका पुरुषाशी बोलायचं होतं. अखेर मी आमच्या संस्थेच्या हिशेबनीसांना फोन लावून दिला. ते वयाने माझ्यापेक्षा लहान. ते 'हो, आमच्याच आहेत' म्हणाले आणि किल्ल्या मिळाल्या. तिथे मी भांडायला हवं होतं. थकले होते, बायका उभ्या होत्या, म्हणून भांडले नाही. हेही इथे कबूल करते.

पहिला दिवस घारापुरीचा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवार धरला होता. गेटवेपासून लाँचने साधारण तासाभराचा रस्ता. 18 डिसेंबर 2024 रोजी याच मार्गावर एका प्रवासी लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून लाँच बुडाली होती, माणसं गेली होती. ही बातमी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली. म्हणून आम्ही आधीच ठरवलं होतं, प्रत्येकीच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय लाँचमध्ये बसायचं नाही. नऊवारीवर, पाचवारीवर ती जॅकेटं बांधताना जो गोंधळ झाला, त्यात भीती निघून गेली.

बेटावर एक भाजलेली कणसं विकणारी बाई भेटली. तिने सांगितलं की घारापुरीला कायमची वीज समुद्राखालून केबल टाकून 2018 मध्ये आली. समोर मुंबईचे दिवे दिसतात आणि इथे तोवर अंधार! आमच्या बायकांना हे फार जवळचं वाटलं. धरणाच्या काठाला राहून नळाची वाट बघणाऱ्या आहेत आमच्यात.

लेण्यात शंकराची ती तीन मुखांची प्रचंड मूर्ती आहे. शिव-पार्वतीचं लग्न आहे. अर्धनारीश्वर आहे, अर्धं अंग पुरुषाचं, अर्धं बाईचं. त्यासमोर आमची समुद्र मागणारी मावशी कंबरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "देवाच्या घरी निम्मं-निम्मं हाय. मंग आमच्या सातबाऱ्यावर काऊन नाई?" जमिनीवर नाव लागण्याबद्दल मी कितीतरी वर्ग घेतले आहेत. इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

त्या दिवशी एकीचं डोकं फार दुखायला लागलं. विचारल्यावर कळलं, सकाळपासून तिने पाणी प्यायलं नव्हतं. लघवीला कुठे जायचं, या धास्तीने. हे आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. मुंबईत 2011 पासून संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे, हे का, असा त्यांचा साधा सवाल होता. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. निकाल झाला. पण रस्त्यावर अजून शोधावंच लागतं. फिरण्याचा हक्क म्हणजे भाषणातली गोष्ट नाही. तो बाईच्या मूत्राशयापासून सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाजी अलीला गेलो. आमच्यातल्या दोघी मुस्लिम. या दर्ग्यात मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी घातली गेली होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका 2014 मध्ये कोर्टात गेल्या, 26 ऑगस्ट 2016 रोजी उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली आणि त्या नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. आमच्या दोघींनी आत जाऊन चादर चढवली. बाहेर आल्यावर बाकीच्यांना हे सगळं त्यांनीच सांगितलं.

तिथून ऑगस्ट क्रांती मैदान. जुलै 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला ठराव केला आणि 8 ऑगस्टला या मैदानावर 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. दुसऱ्या दिवशी नेते तुरुंगात असताना अरुणा असफअलींनी इथेच झेंडा फडकवला. त्याच दिवशी शिवाजी पार्कवर सभेला बोलायला निघालेल्या कस्तुरबांना अटक झाली. त्या पुन्हा सेवाग्रामला आल्याच नाहीत, फेब्रुवारी 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या. सेवाग्रामची बा कुटी आमच्या बायका शंभरदा बघून आल्या आहेत. एकीने विचारलं, "बानं समुद्र पाह्यला असन का?" मी सांगितलं, बा पोरबंदरच्या, समुद्रकाठीच जन्मलेल्या. ती म्हणाली, "मंग आपल्या इथल्या उनात तिले आठवण येत असन." बांचा त्याग आपण सगळ्यांनी शिकवला. त्यांना कशाची आठवण येत असेल हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

चार वाजता गिरगाव चौपाटीला पोचलो. माझ्या कागदाप्रमाणे साडेचारला उठायचं होतं, दादरला एका संस्थेत बैठक. साडेचार झाले. मी हाका मारल्या. कोणी उठेना. मावशी गुडघाभर पाण्यात उभी, पदर खोचलेला. दोघी वाळूत पाय पसरून बसल्या होत्या. काहीच करत नव्हत्या. मी पुन्हा म्हटलं, "चला, लोक वाट बघताहेत." तेव्हा एक शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही जा मीटिंगले. आमी इथंच हाओत." मला राग आला. मग लाज वाटली. तो दीर घड्याळाकडे बोट दाखवत नव्हता, मीच दाखवत होते. मी बैठकीला फोन करून माफी मागितली आणि वाळूत बसले.

आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे होतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे 2011 चं पुस्तक मुंबईतल्या बायकांबद्दल आहे. बाहेर पडलेल्या बाईला सतत काही तरी काम आहे असं दाखवत चालावं लागतं, उगाच रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, आणि तोच मागायला हवा, असं त्या मांडतात. मी ते वाचलं होतं, त्यावर बोललेही होते. वाचलं होतं तरी कार्यक्रमपत्रिकेत अर्धाच तास लिहिला.

आणि याच चौपाटीजवळ 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं. केशवपन केलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या विधवांसाठी शाळा. पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या गोदूबाई तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी. त्या काळच्या विधवेला खिडकीतून रस्ता बघण्याचीही चोरी होती. आमच्या 21 जणींत सहा विधवा होत्या. हे सांगितल्यावर त्यातली एक म्हणाली, "मंग आज कुंकवाचं कोनी इचारलंच नाई न." खरंच, दोन दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर सगळं गोड झालं असं नाही. एकीशी नवरा आठ दिवस बोलला नाही. एक गट सोडून गेली. फलाटावरून परत गेलेलीला भेटायला मी गेले तेव्हा दीर घरीच होता. मी त्याला म्हटलं, पत्रात मी खोटं लिहिलं, ते चुकलं. पण तिचे पैसे खरे होते आणि तिची इच्छाही खरी होती. तो काही बोलला नाही. मावशीने तिच्यासाठी बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं होतं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि एवढंच म्हणाली, "खरंच खारट हाय वो."

आता तुम्ही विचाराल, खरं सांगितलं असतं तर 22 जणी आल्या असत्या का? नसत्या. कदाचित दहाच आल्या असत्या. मी यावर खूप विचार केला. अभ्यास दौरा, प्रशिक्षण, शिबिर या नावांखाली आपण सगळ्याच संघटना बायकांना बाहेर काढत आलो. त्याने दारं उघडली, हे नाकारत नाही. पण प्रत्येक वेळी आपण घराला हेच सांगत गेलो की काम असेल तरच बाई बाहेर जाईल. घर तेच तर म्हणत होतं. त्याचा नियम आपणच शिक्का मारून पक्का केला.

म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर घ्या. सहलीला सहलच म्हणायचं. घरी सांगायला एकटीला पाठवायचं नाही, दोघी-तिघींनी मिळून जायचं आणि महिनाभर आधी जायचं. सहलीचे पैसे बाईच्या नावावर वेगळे ठेवायचे, ती येऊ शकली नाही तर पुढच्या वेळी तिचा नंबर पहिला. लॉजवर पुरुषाशी बोलणं करून द्यायचं नाही. त्या लॉजला नाही म्हणायची तयारी ठेवायची आणि दुसरा पत्ता जवळ ठेवायचा. स्वच्छतागृहं आधी शोधून कागदावर लिहायची. अहवाल लिहायचा नाही. मुंबई दूर वाटत असेल तर बोर धरण आहे, पवनारला धाम नदी आहे. एक दुपार नदीकाठी काही न करता बसून या, कोण काय विचारतं ते बघा. तिथूनच काम सुरू होतं.

पुढची सहल ठरते आहे. पत्र मी लिहून ठेवलं आहे. शिक्का संस्थेचाच आहे. 'प्रयोजन' या रकान्यात लिहिलंय: समुद्र बघणे. यादीत पहिलं नाव कोणाचं आहे ते तुम्हाला कळलंच असेल. त्या पत्राची एक प्रत घेऊन आम्ही तिघी पुढच्या आठवड्यात तिच्या घरी जाणार आहोत. दीर काय म्हणतो, ते पुढच्या मेळाव्यात सांगेन.